माझ्या हातून काही बिघडलं का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळचे पावणेअकरा झाले असतील. भाकरी-आमटी उरकून मी ओटा पुसत होते, तेवढ्यात आमच्या बचत गटाच्या खजिनदार वहिनींचा फोन आला. आवाज रडवेला.

"वैनी, जरा येता काय ओ? कॉम्प्युटरवरचं सगळं गेलंय. मी काय सुद्धा केलं नाही. नुसतं चालू केलं."

छत्री घेतली आणि तशीच निघाले. गटाची खोली म्हणजे आमच्याच गल्लीतल्या एका घराची पुढची पडवी. एका भिंतीला कांदा-लसूण चटणीचे डबे, दुसऱ्या भिंतीला टेबल आणि त्यावर क्रोशाचं आच्छादन घातलेला आमचा कॉम्प्युटर. एरवी त्याच्या पडद्यावर 'बचत', 'कर्ज हप्ते', 'चटणी हिशेब' अशी फोल्डर्स देवघरातल्या देवांसारखी ओळीनं मांडलेली असायची. त्या दिवशी नुसता निळा पडदा. देव्हारा रिकामा!

वहिनी खुर्चीत बसल्याच नव्हत्या. भिंतीला टेकून उभ्या होत्या. "माझ्या हातनं काय बिघडलं का ओ?" एवढं एकच पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

मैत्रिणींनो, हा प्रश्न तुम्ही कधी विचारलाय का? मी विचारलाय. मिक्सर बंद पडला की, मोबाइल अडकला की, बँकेच्या मशिननं कार्ड गिळलं की, पहिला प्रश्न मनात हाच येतो. घरातल्या पुरुषमाणसांचं मात्र वेगळं असतं. त्यांच्या हातात यंत्र बंद पडलं की ते म्हणतात, "काय भिकार मशीन आहे!" यंत्र तेच, बिघाड तोच. ते यंत्राला शिव्या घालतात आणि आपण स्वतःला.

दुपारपर्यंत बातमी गल्लीभर झाली. आमचा गट बारा जणींचा. आठ वर्षांचा हिशेब त्या कॉम्प्युटरवर, आणि पुढच्याच आठवड्यात बँकेचे साहेब तपासणीला येणार होते. कांडप यंत्रासाठी आम्ही कर्ज मागितलं होतं. हिशेब नाही तर कर्ज नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग एकेकीचं सुरू झालं.

"काहीतरी दाबलं असणार बघा."

"पोरांनी गेम खेळला असंल."

एक जण तर हळूच बोलली, "हिशेबच गेला म्हटल्यावर कुणाचं बरंच झालं म्हणायचं."

वहिनींचा चेहरा असा पडला की मला बघवेना. ही बाई दहावी शिकलेली. चाळिशी उलटल्यावर पोरीच्या पुस्तकातून कीबोर्ड पाठ केला, घरच्यांनी "तुला काय जमायचं न्हाई" म्हटलं तरी रात्री जागून मराठी टायपिंग शिकली. आठ वर्षांत एका रुपयाचा घोळ नाही. आणि एका रिकाम्या पडद्यानं तिला चोर ठरवलं.

संध्याकाळी राजारामपुरीतला दुरुस्तीवाला मुलगा आला. दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "काल रात्री अपडेट झालंय काय?"

वहिनी घाबरत म्हणाल्या, "काल बंद करताना 'अपडेट करून बंद करा' असं आलं. तेवढं दाबलं मी."

"बघा, दाबलंच की!" मागून आवाज आला.

पोरगा हसला. "काकी, ते दाबायचंच असतंय. तुमची काय चूक न्हाई. अपडेटमध्येच घोळ आहे." मग त्यानं समजावून सांगितलं. अपडेटनंतर यंत्राला वहिनींची जुनी ओळखच पटेना, म्हणून त्यानं त्यांना पाहुणी समजून नवी रिकामी खोली उघडून दिली. जुनी खोली सामानासकट आतच होती. त्यानं ती शोधून दाखवली. फायली होत्या! पण त्या उघडेनात. हिशेबाचं पॅकेज सुरूच होईना, आणि जिथं नावं दिसायची तिथं मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन.

"सगळं पुसून नव्यानं टाकता येतंय, पण आतलं राहील याची खात्री देत नाही. मी म्हणतो, थांबा. दुरुस्तीचं अपडेट येईल."

"कधी?"

"येईल की. वाट बघायची."

झालं! आमची वाट बघणं सुरू झालं. यंत्रात कुठल्या कंपनीची प्रणाली होती ते इथं सांगत नाही. त्याचं कारण पुढं येईलच.

आम्हा कोल्हापूरकरांना वाट बघण्याची सवय आहे म्हणा. पावसाळा आला की आमचं निम्मं लक्ष पंचगंगेकडं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर गेलं की धोका. सकाळी उठलं की चहाच्या आधी "किती फूट?" हे विचारायचं. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरानं ही सवय हाडात मुरवली. गेल्या पावसाळ्यात त्या प्रश्नाच्या जोडीला दुसरा प्रश्न आला. "आलं काय ओ अपडेट?" वहिनी रोज सकाळी आच्छादन काढायच्या, बटण दाबायच्या, चौकोन बघायच्या आणि पुन्हा आच्छादन घालायच्या.

या काळात मी पुण्यात नोकरीला असलेल्या लेकाला फोनवर भंडावून सोडलं. मी कलाशाखेची पदवीधर, कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर एमएस-सीआयटी केलेलं, तेवढंच. त्यानं सांगितलेलं मी माझ्या भाषेत तुम्हाला सांगते.

घरात एक बाई असते. आधी डबा कुणाचा भरायचा, पाणी आलं की काय भरून ठेवायचं, पाहुणा आला तर कुठं बसवायचा, हे सगळं ती बघते. तिचं काम दिसत नाही, पण ती एक दिवस आजारी पडली की घर थांबतं. कॉम्प्युटरमधली ती बाई म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. हिशेबाचं पॅकेज, प्रिंटर, कीबोर्ड, मराठी अक्षरं ही सगळी तिच्या जिवावर चालतात. कॉम्प्युटरवर बहुतेक ठिकाणी विंडोज असते, मोबाइलवर अँड्रॉइड किंवा आयओएस. ती माणसांनीच लिहिलेली असते. लाखो ओळींचं लिखाण. मग त्यात चुका राहणारच. त्या चुकीला म्हणतात 'बग', म्हणजे किडा.

या किड्याची गोष्ट मोठी छान आहे. ९ सप्टेंबर १९४७ ला अमेरिकेत हार्वर्डच्या 'मार्क टू' नावाच्या खोलीएवढ्या यंत्रात बिघाड झाला. शोधता शोधता आत खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो चिमट्यानं काढून कामाच्या वहीत चिकटपट्टीनं डकवला आणि शेजारी नोंद केली की किडा प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच वेळ. बिघाडाला 'बग' म्हणायची पद्धत त्याच्या आधीपासूनच होती, म्हणून तर त्यांना गंमत वाटली. हा किस्सा जगभर पोचवला तो त्या गटातल्या ग्रेस हॉपर या बाईंनी. त्या गणितज्ञ, पुढं अमेरिकी नौदलात रिअर ॲडमिरल झाल्या. ती वही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयानं जपून ठेवली आहे.

मला त्यातलं काय आवडलं सांगू? बिघाड झाल्यावर त्यांनी आधी यंत्र उघडून बघितलं. कुणी दाबलं, कुणाच्या हातनं झालं, हे विचारत बसले नाहीत. चूक सापडली, ती वहीत चिकटवली आणि पुढच्या कामाला लागले. आमच्या पडवीत मात्र आम्ही यंत्र उघडण्याआधी बाई शोधली होती.

आणि चुका होतात त्या काही लहानसहान कंपन्यांकडून नाही. २ ऑक्टोबर २०१८ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चं एक मोठं अपडेट द्यायला सुरुवात केली. ते घेतलेल्या काही लोकांच्या कागदपत्रांच्या फोल्डरमधल्या फायलीच नाहीशा झाल्या. काही दिवसांतच कंपनीला ते थांबवावं लागलं, आणि दुरुस्त होऊन ते पुन्हा आलं १३ नोव्हेंबरला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ॲपलच्या आयफोनचं काय झालं बघा. तेलुगू लिपीतलं एक जोडाक्षर, आपल्या 'ज्ञा'सारखं, संदेशात आलं की ते ॲपच बंद पडायचं. 'ज्ञा' म्हणजे ज्ञानाचं अक्षर, आणि तेच फोनला झेपेना! १९ फेब्रुवारी २०१८ ला कंपनीनं दुरुस्तीचं अपडेट दिलं. म्हणून म्हटलं, कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही. पतंग कुणाच्याही यंत्रात शिरतो.

आपल्या मराठीलाही या रांगेत थांबावं लागलंय. जगातल्या सगळ्या लिपींच्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी क्रमांक देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. त्यात 'ॲ' या आपल्या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली. त्याआधी 'अ'च्या डोक्यावर चंद्र चढवून काम भागवावं लागे, आणि मध्येच एखादं ठिपक्यांचं वर्तुळ उगवे. क्रमांक मिळाला तरी जुन्या यंत्रांना तो माहीत नसे, मग तिथं दिसे चौकोन. ज्यांनी त्या काळात 'ॲडव्होकेट' किंवा 'ॲडमिशन' टाइप केलंय त्यांना हा त्रास आठवेल. तेव्हाही आपण हेच म्हणत असू, "मला नीट टाइप करता येत नाही."

मग माझ्या मनात आलं, एवढा घोळ होतो तर अपडेट घ्यावंच कशाला? जुनं आहे ते बरं चाललंय की! लेकानं तिथं मला थांबवलं. म्हणाला, "आई, दोन हजार सतराचं ऐक." मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ ला विंडोजमधली एक धोकादायक फट बुजवणारं अपडेट दिलं होतं. पुष्कळांनी ते घेतलंच नाही. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' नावाचा हल्ला नेमका त्याच फटीतून शिरला. सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्यानं कुलूप लावून बंद केले आणि खंडणी मागितली. इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. त्यातून धडा घ्यावा, तर पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, ती फट वापरणारा दुसरा हल्ला झाला आणि आपल्या महाराष्ट्रात न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं.

म्हणजे घाईनं घेतलं तर कधी घोळ, आणि घेतलंच नाही तर चोराला दार उघडं. म्हणून अपडेट घ्यायचंच. मात्र घेण्याआधी हिशेबाची नक्कल बाजूला काढून ठेवायची. पावसाळ्याच्या तोंडावर आपण कागदपत्रं माळ्यावर चढवतो, तसं. पूर येईलच असं नाही, पण आला तर रडायची पाळी नको.

इकडं बँकेची तारीख जवळ येत होती. वहिनी एके दिवशी उठल्या आणि म्हणाल्या, "मी आता वाट बघत बसत नाही. मी वही लिहितो." (आम्ही कोल्हापूरच्या बायका, 'मी जातो, मी येतो' म्हणणाऱ्या!) त्यांच्याकडं मार्चपर्यंतची हातानं लिहिलेली वही होती. पुढचं त्यांनी बारा जणींची पासबुकं आणि चटणीच्या पावत्या समोर ठेवून लिहून काढलं. तीन रात्री. मी शेजारी बसून आकडे वाचून दाखवत होते. तिसऱ्या रात्री बेरीज लागली, तीस रुपये कमी. सगळं पुन्हा तपासलं. तीस रुपये कमी ते कमीच. वहिनींनी पदराच्या गाठीतून दहाच्या तीन नोटा काढल्या आणि पेटीत टाकल्या. "कुणाचं बोलणं नको," म्हणाल्या.

मला तेव्हा १९ जुलै २०२४ चा तो शुक्रवार आठवला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले होते. तेव्हा आपल्याकडच्या विमानतळांवर चक्क हातानं लिहून बोर्डिंग पास दिले होते. एवढी मोठी विमानं, आणि शेवटी कामाला आला तो पेन! आमच्या पडवीतही तेच झालं. साहेब आले, वही बघितली, पासबुकं ताडून बघितली आणि म्हणाले, "अक्षर छान आहे हो तुमचं." कर्जाचा कागद पुढं सरकला.

अपडेट आलं ते श्रावणात, पाच आठवड्यांनी. रात्री आठला यंत्रानं विचारलं. आम्ही दोघी एकमेकींकडं बघितलं. आधी सगळ्या फायलींची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली, मग 'हो' म्हटलं. 'कॉम्प्युटर बंद करू नका' असं पडद्यावर आलं आणि टक्के चढायला लागले. तीस टक्क्यांवर असताना लाईट गेली! इन्व्हर्टरवर सगळं घर सोडून फक्त कॉम्प्युटर ठेवला. पंखा बंद, दिवा बंद. अंधारात घाम पुसत आम्ही टक्के मोजत बसलो. साडेनऊला यंत्र पुन्हा सुरू झालं आणि पडद्यावर आले आमचे देव, ओळीनं. चौकोन गेले, नावं आली. वहिनींनी खरोखर हात जोडले.

मग पहिलं काम, ते तीस रुपये. शोधलं तर सापडले. मे महिन्यातल्या सभेत चहा-बिस्किटाला वहिनींनी तीस रुपये स्वतःचे घातले होते आणि गटाच्या नावावर जमा म्हणून तशी नोंद केली होती. वहीत ती नोंद नव्हती, पावतीही नव्हती. म्हणजे ज्या तीस रुपयांसाठी त्यांनी पदराची गाठ सोडली ते मुळात त्यांचेच होते. गटाच्या पुढच्या सभेत मी ती नोंद वाचून दाखवली. पडवीत शांतता. जी हळूच बोलली होती ती उठली, पेटीतल्या दहाच्या तीन नोटा काढून वहिनींच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाली, "मी लई बोलून गेलो त्या दिवशी." वहिनी म्हणाल्या, "असू दे ओ. माझा सुद्धा माझ्यावर भरवसा राहिला नव्हता तेव्हा."

हे वाक्य मला अजून टोचतं. लोकांचा संशय परवडला, पण आठ वर्षं चोख काम केलेल्या बाईचा स्वतःवरचा भरवसा एका सकाळीत जावा?

म्हणून मैत्रिणींनो, आम्ही गटात काही नियम केलेत. दर शनिवारी हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह दुसरीच्या घरी. दर सभेला शेवटच्या पानाची छापील प्रत, सगळ्यांच्या सह्यांसह. पडद्यावर काही वेगळं दिसलं तर घाबरून चार बटणं दाबायची नाहीत. मोबाइलवर त्याचा फोटो काढायचा, तारीख-वेळ लिहायची आणि जाणकाराला विचारायचं. अपडेट सुरू असताना मध्येच बटण बंद करायचं नाही. ज्या गटांकडं अजून विंडोज १० चे कॉम्प्युटर आहेत त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. त्याचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यापुढं एक वर्षासाठी, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, कंपनीनं जादा सुरक्षेची सोय जाहीर केली, पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. आपल्या यंत्राचं काय झालंय ते दुरुस्तीवाल्याला एकदा स्पष्ट विचारा. विचारायला लाजू नका.

आणि शेवटचा नियम वहिनींनीच घातला. त्यांनी हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवलाय, त्यांच्या त्या छान अक्षरात. 'बिघाड झाला की आधी यंत्र बघायचं. माणूस नंतर.'

परवा सकाळी पुन्हा त्यांचा फोन आला. मी जरा दचकूनच उचलला.

"वैनी, प्रिंटर चालंना झालाय."

"मग?"

"मग काय! बिघडलाय त्यो. पोराला बोलावलंय. तुम्ही चहाला या."